पोरीला भुई लागू देईनात

...आणि वर मलाच विचारतात, पोरगी चालत का नाही म्हणून! अहो, कशी चालणार? चालायला पाय जमिनीला टेकावे लागतात ना? तुम्हाला सांगते बायांनो, एरंडोलच्या आमच्या घरात दीड वर्षाच्या माझ्या बेबीला भुई कशी लागते तेच ठाऊक नव्हतं! सासऱ्यांच्या खांद्यावरून सासूच्या कडेवर, तिथून नणंदेच्या मांडीवर... पोर आहे की प्रसादाचं ताट? मी आपली ओरडते, खाली ठेवा हो पोरीला, खाली ठेवा! ऐकतंय कोण?

सासूबाई, झुंबरबाई त्यांचं नाव, कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "काय वं लता, पोरले भुईवर टाकस? लोके काय म्हनतीन?" आणि सासरे, आमचे आबा? त्यांचं नाव उखर्डू! म्हणजे काय माहितीये ना? आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून या बाळाला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवून घेतलं, तेव्हा कुठे जगलं! आता बोला! स्वतः उकिरड्यात लोळलेला माणूस, आणि नातीला सारवलेली भुई चालत नाही! डोकं फिरेल नाही तर काय होईल?

बरं, बोलणं तरी? बोट दाखवलं की पाणी, नुसतं नाक फेंदारलं की गुळाचा खडा तोंडात! तोंड भरलेलं, तर पोरीनं बोलायचं कधी? जळगावला डॉक्टरांकडे नेली. ते लाडानं विचारतात, "काय गं, नाव काय तुझं?" तर सासूबाईच उत्तर देतात, "बेबी शे!" डॉक्टर म्हणाले, "आजी, तुम्ही छान बोलता. आता हिला बोलू द्या. जमिनीवर सोडा, तिच्याशी खेळा, ती बडबडली की तुम्हीही बोला." घरी येऊन काय? वेखंड उगाळून चाटवायचं ठरलं! आणि नवस बोलला पद्मालयाच्या गणपतीला! मला तर धडकीच भरली होती हो... शेजारची तिच्याएवढी पोरं अंगणभर पळायची, आणि माझी लेक वरून बघायची. मी कोपऱ्यात जाऊन रडायचे. आमचे हे? हे पेपर वाचायचे!

शेवटी पारोळ्याला लग्न निघालं. बेबीला सर्दी, म्हणून आम्ही दोघी मागे. हळदीपासून सत्यनारायणापर्यंत घर माझं! आधी पदर खोचला. कापसाचं घर आमचं, कोपऱ्याकोपऱ्यात सरकी, ती पोरीच्या घशात अडकली तर? सगळी झाडून काढली. अडकित्ता वर, स्टोव्ह वर, शेंगदाणे डब्यात. गोधडी अंथरली, मध्ये वाट्या, लाटणं, चिंध्यांचा चेंडू ठेवला आणि म्हटलं, हो सुरू! आधी भोकाड पसरलं. मग वाटी आपटली. आवाज ऐकून दचकली, हसली, पुन्हा आपटली! मी "ठण!" म्हटलं की ती "ठ!" दुसऱ्या दिवशी रांगली, पडली, उठली, धान्याची कोठी धरून उभी राहिली... आणि माझ्याकडे बघून "आई" म्हणाली. आई! मी तिथंच फतकल मारून रडले.

लग्नाहून मंडळी दारात आली, तर बेबी कोठी सोडून डुलत डुलत आबांकडे निघाली! आबा गहिवरले. सासूबाईंनी हात जोडले, "पावना वं गणपती!" गणपती पावला म्हणे! म्हणजे मी? झाडलेली सरकी? रात्रंदिवस केलेली ती ठण ठण? काही नाही! जाऊ दे, म्हटलं, पोरगी चालली ना, पुरे झालं.

लगेच नवस फेडायला निघालो. गाडीतून उतरलो, देऊळ समोर, वाट सपाट, पोरगी पाय झाडतेय. मी हात जोडले, "आबा, चालायला लागली म्हणून तर आलोय, आता तरी खाली ठेवा हो!" तर आबांनी तिला खांद्यावर आणखी घट्ट धरली नि माझ्यावरच डोळे वटारले...

"चालनी ते तिना पाय दुखतीन ना वं!"