विचारून तर बघा

डायलिसिसच्या खोलीबाहेर वडिलांना घेऊन बसलेल्या शिक्षिकेच्या कानावर मागच्या बाकावरच्या नवरा-बायकोचं बोलणं पडत होतं.

“दोनच मशिनं, त्यातलं एक बंद. आईंना आज परत पाठवलं तर?”

“असं बोलू नकोस गं.”

“तुमच्या मालकांना विचारा ना एका मशिनचं. तीन माणसांच्या महालात स्वयंपाकघरंच चार!”

“त्यांनी का द्यावं? त्यांचा पैसा, त्यांचं घर.”

“ते घर बांधताय तुम्ही. विचारून तर बघा.”

“आणि कामावरून काढलं तर?”

“आईंचे पाय बघा, किती सुजलेत.”

नवऱ्याने फोन लावला. शिक्षिकेने मान जराशी मागे वळवली.

“साहेब, मी गवंडी बोलतोय. एक विनंती होती, आमच्या आईला... नाही, नाही साहेब, कारंजं उद्या नक्की सुरू होईल.”