तक्रार मागे घ्यायला जाताना

...नाही, पण मला सांगा, हा कायदा आणला कुणी? मी आणला! मी, मक्याच्या पिठाची केंकी विकणारी एफुआ, आणि आमचे एसिल्फी मास्तर! दोन वर्षं दारोदार सह्या गोळा करत फिरलो, का? तर माझ्या थोरल्या बहिणीचा, अराबाताईचा पाय एका ट्रोट्रो मिनीबसवाल्यानं मोडला, भर दुपारी, रस्ता ओलांडायच्या झेब्रा पट्ट्यांवर, आणि थांबलासुद्धा नाही मेला! ताई तेव्हापासून काठी टेकत चालते. सभेत मास्तर काय बोलले म्हणता... 'चालणाऱ्या माणसाच्या जिवाला काही मोल आहे की नाही?' रडले हो! मीही रडले. आणि झाला कायदा! झेब्र्यावर माणूस दिसूनही गाडी थांबली नाही, तर नंबर घ्या, चौकीत द्या, ड्रायव्हरचं लायसन तीन महिने जप्त! कायदा कडक आहे हो, कायद्याला नावं ठेवू नका.

तर तुम्हाला सांगते, परवा मंगळवारी डोक्यावर केंकीची परात घेऊन मी झेब्र्यावर पाऊल टाकते न टाकते तोच एक ट्रोट्रो सूंऽऽ करून... परात तिकडे, मी गटारात! आणि मागच्या काचेवर काय लिहिलेलं? 'सावकाश, देव बघतोय'! देव बघत होता हो, ड्रायव्हर कुठे बघत होता? पण मी नंबर सोडते होय? गटारात बसल्याबसल्या पाठ केला आणि तशीच, ओल्या कपड्यांनी, चौकी गाठली. कायदा कडक आहे ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात सात वडीलधारी माणसं, हातात जिनची हिरवी बाटली. ओळखलंच मी, माफी मागायला आलेत. म्हटलं, येऊ देत, ड्रायव्हर कुणाचा का असेना, मी हलणार नाही! आणि सगळ्यांच्या पुढे कोण? एसिल्फी मास्तर!

'एफुआ, पोर चुकलं गं. एबो माझा भाचा. गाडी... गाडी माझीच आहे.'

'तुमची? अहो मास्तर, कायदा तुम्ही लिहिलात!'

'म्हणून तर ठाऊक आहे ना, किती कडक आहे तो!'

आणि गुडघ्यावर! सत्तर वर्षांचा माणूस! मागून ते सहाजण, 'माफ कर बाई, सैतानानं स्टिअरिंग धरलं होतं...' आता वडीलधारे बाटली घेऊन दारात आले की आमच्यात नाही म्हणायची सोय आहे का? पण आतून तुटले हो मी. परक्यानं गटारात पाडलं असतं तर काही वाटलं नसतं... बाटली घेतली. कायदा कडकच आहे, मी मऊ पडले.

आता तक्रार मागे घ्यायला चौकीत जायचं, साहेब बाराला जेवायला उठतो, वाजलेले पावणेबारा. मास्तर म्हणतात, 'बस गाडीत, सोडतो.' कुठल्या गाडीत? त्याच! एबोच्या शेजारी मी, मांडीवर बाटली. झेब्रा आला. एबोनं ब्रेकवर पाय ठेवला... ठेवला हो, खोटं कशाला बोलू? आणि मी ओरडले, 'अरे चल ना, साहेब उठेल!'

सूंऽऽ...

आणि कडेला काठी उंच धरून कोण उभं? अराबाताई. जिच्या पायासाठी हे सगळं केलं, ती! काचेतून बघितलं तिनं मला. खाली वाकली आणि काठीच्या टोकानं धुळीत नंबर लिहून घेतला.

तर मंडळी, तुमच्यातले सात वडीलधारे उद्या सकाळी मोकळे आहेत का? ताईच्या दारात जायचंय. बाटली आहे माझ्याकडे... अजून फोडलेली नाही.