अर्जदार स्वतः हजर

चहा ओता आधी, मग सांगते. नाहीतर माझं डोकं पुन्हा तापेल.

माझा दादा पंचेचाळीस वर्षांचा आहे, पण पाण्याचा पेलासुद्धा त्याला स्वतःच्या हाताने धरता येत नाही. अशा माणसाच्या मदतनिसासाठी सरकारी भत्ता असतो, म्हणून मी त्याच्या नावाने अर्ज केला. तर निरोप आला, अर्जदाराने स्वतः हजर राहायचं. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद! विश्रांतवाडीहून रिक्षाने नेलं, मग मी आणि रिक्षावाल्या काकांनी दादाला प्लास्टिकच्या खुर्चीसकट वर चढवलं.

साहेबांनी दादाकडे एकदा पाहिलं, अर्जावर काहीतरी खरडलं आणि म्हणाले, "भत्ता नियमात बसत नाही."

"का?"

"अहो, अर्जदार स्वतः हजर आहेत. जो माणूस इथवर येऊ शकतो, त्याला मदतनीस कशाला?"

"पण तुम्हीच बोलावलंत ना?"

"तो नियम आहे, मॅडम."

माझं डोकंच फिरलं. मी पर्स उचलली, दादाला हळूच डोळा मारला आणि म्हटलं, "बरं. स्वतः आलेत, तसे स्वतः घरी येतील. मी निघते." आणि खरंच जिन्याकडे चालू लागले.

साहेब खुर्ची सोडून मागे धावले. "अहो ताई, यांना एकटं टाकून कुठे निघालात? यांच्याजवळ सतत कुणीतरी नको का?"

मी परत आले आणि त्यांचंच पेन त्यांच्या हातात दिलं.

"हेच लिहा. एक शब्दही बदलू नका."