तिसऱ्या तोंडाची खबर

मंडळी, पुढे सरका. मागे भिंतीला टेकलेल्यांना आत्ताच सांगून ठेवतो, डोळा लागला तरी चालेल, पण घोरू नका — पेटीचा सूर बिघडतो. तर आजचा प्रश्न असा: साऱ्या मुलखाची खबर ठेवणारा शहाणा, की आपल्या माणसाच्या एका हाकेला उठून जाणारा शहाणा? लगेच माना डोलवू नका. आधी ऐका.

कोरवली नावाचं एक संस्थान होतं. राजा गेला आणि दोन सख्खे भाऊ गादीसाठी एकमेकांवर उठले. नदीच्या अलीकडे थोरला, पलीकडे धाकटा. मामा इकडच्या फौजेत, भाचा तिकडच्या! आणि थोरल्याच्या हेरांचा नाईक, म्हणजे मुख्य, होता हैबतराव घोसाळे. मोठमोठे सरदार त्याचं नाव आवाज उतरवून घ्यायचे.

त्याची माणसं कोण? वासुदेव, गोंधळी, बांगड्या भरणारी कासारीण. आता कुठं उरले हो वासुदेव? आमच्या लहानपणी सकाळच्या पारी मोरपिसांची टोपी दारात यायची, चिपळ्या वाजायच्या, की आई हातातलं काम टाकून सूप घेऊन धावायची. त्याला कुठल्याच घरी मज्जाव नाही. हैबतरावाला नेमकं तेच हवं होतं. पण त्याचा एक नेम होता बरं का. एका तोंडाची ती अफवा, दोन तोंडांची ती शंका, आणि तिघांनी वेगवेगळं येऊन सांगितलं, तरच ती खबर. या नेमावर त्यानं सात वर्षं थोरल्याची गादी राखली. मुलखाचे चेहरे त्याला पाठ. त्याचा चेहरा मात्र चार माणसांपलीकडे कुणाला ठाऊक नाही.

आणि हे कान त्याला दिले कुणी? बहिणीनं! गोदाक्का, सहा वर्षांनी थोरली. आई लवकर गेली, हिनंच त्याला कडेवर वाढवला. लपंडावात हा कणगीमागे असा दडायचा की गावची पोरं दमून घरी जायची. गोदाक्का तेवढी सरळ यायची आणि कान धरून बाहेर काढायची. "तुला कसं कळतं गं?" तर म्हणायची, "मी शोधत नाही रे. गप उभी राहते आणि ऐकते."

तिला दिली होती नदीपलीकडे, सोनवडीला, विठोजी शेडग्यांच्या घरी. युद्धात हैबतरावाच्या एका खबरीवर नदीच्या उतारावरच्या नावेवर छापा पडला, आणि पाय गेला तो विठोजीचाच. खबर तिन्ही तोंडांनी खरी होती, मंडळी. फक्त नावेत मेव्हणा आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच वर्षी वसुबारसेला वासुदेव आला. "नाईक, सोनवडीहून निरोप आहे. अक्का म्हणाल्या, भाऊबीजेला ये."

"आणखी काय म्हणाली?"

"आणखी काही नाही."

झालं. हैबतराव हिशेब मांडत बसला. नवऱ्याचा पाय माझ्यामुळं गेला, आणि ही मला ओवाळायला बोलावते? की धाकट्याची माणसं माळ्यावर बसवून तिच्याकडून वदवून घेतलंय? त्यानं कासारणीला धाडलं. ती पाडव्याला परतली. "अनारसे झालेत, नाईक. पाट घासून भिंतीला लावलाय."

दोन तोंडं झाली. आता तिसरं. अहो, बहिणीच्या अनारशांना तीन साक्षीदार कशाला? पण सवय! त्यानं गोंधळ्याला पाठवलं आणि वाट बघत बसला. गोंधळी आला भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, खाली मान घालून.

"सगळं खरं होतं, नाईक. माळ्यावर कुणी नव्हतं. दिवेलागणीपर्यंत अक्का दारात उभ्या होत्या. मग अंगणात आल्या, चंद्राला ओवाळलं आणि पाट उचलून ठेवला."

ज्या बाईला भाऊ नाही, ती चंद्राला ओवाळते. हैबतराव त्या दिवशी जेवला नाही.

पुढं दोघे राजे एका ताटात जेवले, युद्ध मिटलं, हेरखातं मोडलं. पण सोनवडीचा निरोप पुन्हा आला नाही, आणि ह्याला जायला तोंड नव्हतं. नऊ वर्षं अशी गेली. शेवटी एका भाऊबीजेला म्हातारा काठी टेकत नदी उतरला. गल्लीत कुणी ओळखेना. ओळखणार कसं? जन्मभर चेहरा लपवलेला!

गोदाक्का उंबऱ्यात बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"कोण आहे?"

"अक्का, मी हैबत."

म्हातारीनं कान त्याच्याकडं वळवला. "हे झालं एक तोंड. तुझा नेम ठाऊक आहे मला, कासारणीनं सांगितला होता. आणखी दोन आण."

हैबतरावानं गल्लीकडं पाहिलं. लोक नुसते बघत होते. कुणाला हाक मारणार? तेवढ्यात आतून कुबडी वाजली. विठोजी दारात आला, त्यानं ह्याला खालीवर न्याहाळलं. हैबतरावाची नजर जमिनीवरून उठेना.

"हैबतच आहे गं," विठोजी म्हणाला. "थकलाय फार."

मंडळी, ज्याचा पाय गेला, तो साक्षीला उभा राहिला!

"दोन झाली," हैबतराव म्हणाला. "तिसरं कुठून आणू, अक्का?"

"तिसरं माझं. कणगीमागे दडायचास तेव्हाही असंच नाक वाजायचं तुझं. गल्लीच्या तोंडाशी होतास तेव्हाच ओळखलं. ये, पाट मांडलेला आहे."

तबलजी, थांबा जरा. आता मंडळी, तुमच्याकडं वळतो. ताईचा निरोप येतो, दोन दिवस ये म्हणून. आणि आपण बायकोला विचारतो — काय गं, शेताच्या कागदावर सही मागायला तर बोलावत नसेल? मग चुलतभावाला विचारतो, मग वकिलाला. झाली तीन तोंडं! ते तिसऱ्या रांगेतले फेटेवाले खाली का बघतायत? मी काही नाव घेतलेलं नाही. अहो, हैबतरावाला नऊ वर्षांनी तरी पाट मांडलेला मिळाला. सगळ्यांनाच मिळतो असं नाही. उचला टाळ, नाम घ्या. आणि आरती झाल्यावर, सकाळची पहिली एसटी कितीला सुटते, ते पुजारीबुवांना विचारून मगच घरी जा.