धाकटी नावाची कोण बाई

माझे नाव धाकटी काकड्या धोडी, वय ५२ वर्षे, धंदा शेती व मजुरी, राहणार वेवजी, चिंचपाडा, ता. तलासरी, जि. पालघर. पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून माझे म्हणणे लिहून देते, ते असे.

वरील पत्त्यावर मी, मुलगा सुनिल व सून योगिता असे राहतो. नवरा नऊ वर्षांपूर्वी वारला. घरामागे माझ्या नावचे शेत असून त्यात विहीर आहे. ती मी आणि नवऱ्याने तीन उन्हाळे खणली. सगळा पाडा तिचेच पाणी भरतो. शेताच्या पलीकडे नरपडला राहणारे जतीनशेठ यांची चिकूची वाडी आहे. त्यांच्या टेम्पोला वळसा पडतो म्हणून त्यांनी माझ्या शेतातून रस्ता मागितला. रस्त्यात विहीर येते, ती बुजवावी लागेल, असे म्हणाले. मी दोनदा नाही म्हटले. तिसऱ्यांदा ते विचारायला आले नाहीत, तेव्हाच मला समजायला हवे होते.

मी मागील वर्षापर्यंत अंगठा देत होते. पाड्यात प्रौढांचा साक्षरतेचा वर्ग सुरू झाला, तो योगिता घेते. आम्ही अकरा बाया होतो. पाट्या जतीनशेठ यांनी दिल्या, म्हणून सर्टिफिकेट वाटायला तेच पाहुणे होते. जगात अजून कितीतरी कोटी लोकांना वाचता येत नाही, पण तुम्हाला आता कोणी फसवू शकणार नाही, असे भाषण त्यांनी पाऊण तास केले. माझे सर्टिफिकेट मला त्यांच्याच हातून मिळाले.

दि. ०९/१२/२०२५ रोजी सकाळी आठच्या सुमारास शेतात जेसीबी आला. त्याने बांध मोडला व तो विहिरीकडे वळला. मी विहिरीच्या काठावर जाऊन बसले. जेसीबी चालवणारा मनिष याने मशीन बंद केले. जतीनशेठ तिथेच होते. त्यांनी स्टॅम्पपेपर दाखवला व म्हणाले, “रस्त्याला संमती दिलीस, सही केलीस, आता नाटकं कशाला? अंगठेबहाद्दर होतीस तेव्हाची गोष्ट वेगळी. आता तू साक्षर आहेस. सर्टिफिकेट मीच दिलं ना तुला?”

मी कागद मागितला. त्यांनी हसत हसत दिला. मी वाचीन असे त्यांना वाटलेच नाही. स्वतः वाटलेल्या सर्टिफिकेटवर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता.

मी बोट ठेवून सगळा कागद वाचला. वेळ लागला. शेठचे दोनदा घड्याळ बघून झाले. खाली निळ्या पेनाने सही होती, ‘धाकटी काकड्या धोडी’. माझे नाव धाकली आहे. आधारवर, रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर धाकली आहे. मी जन्मात पहिला लिहिलेला शब्द तो आहे, त्याने वहीची आठ पाने भरली आहेत. मी म्हणाले, “शेठ, ही धाकटी नावाची कोण बाय? आमचे पाड्यात तर अशी कोणी नाय.”

त्यावर जतीनशेठ म्हणाले, “अगं, धाकली म्हणजे अशुद्ध. शुद्ध मराठीत धाकटीच. मी बरोबर लिहिलंय.”

हे मनिष, योगिता व शेजारीण बायजी यांनी ऐकले.  मग शेठ म्हणाले, “म्हणजे, टायपिंगवाल्याने लिहिलंय.” टायपिंग निळ्या पेनाने होत नाही, हे कळायला वर्गात बसावे लागत नाही.

हा माणूस पदवीधर आहे म्हणे. माझे नाव चोरायला निघाला आणि चोरतानाही त्याला ते सुधारायचे होते. माझा अंगठा होता तोवर त्याची नक्कल याला जमली नसती, म्हणूनच हा पाट्या वाटत होता, असे मला आता वाटते. त्या दिवशी मी त्याला जे बोलले ते हवालदारसाहेब लिहीत नाहीत. लिहा म्हटले तरी लिहीत नाहीत.

शेठ कागद ओढायला आले तेव्हा मी तो चोळीत ठेवला. मग ते लांब उभे राहून ओरडत होते. तो कागद आज मी हजर केला आहे. बांध मोडला आहे. विहीर शाबूत आहे. खोटी सही करून माझी विहीर बुजवायला आल्याबद्दल माझी जतीनशेठ यांच्याविरुद्ध तक्रार आहे.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. ऐकताना सगळे बरोबर होते, माझे नावसुद्धा. मग त्यांनी शाईचा पॅड माझ्याकडे सरकवला. मी पॅड परत सरकवला, कागद मागून घेतला व बोट ठेवून स्वतः वाचला. पहिल्याच ओळीत ‘धाकटी’ असे लिहिले आहे. ते रद्द समजून तेथे ‘धाकली’ असे वाचावे. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

सही
धाकली काकड्या धोडी