मुंबईच्या देवाचा मलिदा

हा मलिदा खाऊन राहिले ना तुम्ही, हा आईच्या नवसाचा आहे. मुंबईले बाबाचं ऑपरेशन होतं. आदल्या दिवशी मी आईले ज्यू लोकांचं जुनं देऊळ, म्हणजे सिनेगॉग, दाखवाले नेलं. तिनं लगेच पिशवीतून नारळ काढला.

"मूर्ती कुठं आहे?"

तिथल्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "आमच्यात मूर्ती नसते हो."

"मंग नवस कोणाले बोलता?"

"देवालाच. पुरा झाला की पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा करतो."

आईनं डोक्यावर पदर घेतला आन् डोळे मिटून पुटपुटत राहिली.

ऑपरेशन चांगलं झालं आन् बाबा आमच्या अड्याळच्या घरात आपल्या पायानं चालत आले. आईनं घरच्या धानाचे पोहे भिजवले. शेजारीण म्हणे, "कोणत्या देवाचा आहे वो काकू?"

आई म्हणे, "नाव नाही मालूम. पण मराठी समजते त्याले."