चार वेळा फुटलेला भाता

हॅलो?… कोण, रोझल? अगं ओरडू नकोस, कानातलं यंत्र लावलंय मी आज.

कसला कॅमेरा?… तुझ्या बागेशेजारची बाग घेतलेल्या गोटहार्डचा? तोच ना, नवा आलेला विधुर, ज्याच्यासाठी तू आठवड्यातून दोनदा केक भाजतेस?… बरं बरं, केक सगळ्यांसाठीच असतो. पुढे?

शनिवारी एल्बे नदीकाठच्या जुन्या बाजारात विकतोय… आणि तो कधीचा ते मी सांगू? फोनवर?… चाळीस वर्षं कॅमेरे दुरुस्त केले म्हणून काय मी ज्योतिषी झाले?… हो, हो… अगं ऐक ना! आधी उघड तो. कडी दाब, झाकण खाली येईल. आता पुढची चौकट रुळांवरून ओढ. हळू!… आला घड्यांचा भाता बाहेर? छान.

मागे दुधी काच आहे?… म्हणजे फिल्मचा नाही, काचेवर फोटो काढायचा. भिंगावरचा नंबर नको वाचूस, भिंगं लोक बदलायचे. शटर बघ. वेळ लावायची चकती माथ्यावर आहे, की भिंगाभोवती कडं फिरतं?… माथ्यावर. आणि चामड्यावर नाव कुठलं उठवलंय?… अस्सं. म्हणजे आपल्या ड्रेस्डेनच्या कॅमेरा कंपन्या एक व्हायच्या आधीचा. पंचवीस सालचा धर.

भात्याला भोकं असतील तर गिऱ्हाईक नाक मुरडेल. अवजारांच्या खोलीत जा, दार लाव, भात्यात बॅटरी धर. किती ठिपके चमकतात?… एकही नाही? शंभर वर्षांच्या भात्याला?… रोझल, तो मूळचा नाही. आत अस्तरावर पेन्सिलीनं काही लिहिलंय?… ‘हि. ६६’…

अगं, हि म्हणजे हिल्ट्रूड. मीच!… या गोटहार्डचं आडनाव काय?… लोरेंत्स. अरे देवा.

हसू नकोस, ऐक. सहासष्ट साली हाच कॅमेरा घेऊन चारदा आला हा लोरेंत्स आमच्या दुकानात दुरुस्तीला. भोकं पडली म्हणे. अगं, भोकं पडतात ती घडीच्या कोपऱ्यावर, झिजून. याची आपली सपाट भागात, सुईनं टोचल्यासारखी गोल! मी ठिगळं लावायची, हा काउंटरला टेकून बघत बसायचा. मला कळत नव्हतं असं नाही. पण चौथ्या वेळी मला कारागिरीचा चेव आला. नवाच भाता केला, दुहेरी अस्तराचा. म्हटलं, आता टोच!… मग काय, परत आलाच नाही. वाट पाहिली गं मी. खूप पाहिली.

आता कोण हसलं?… बॅटरी धरायला कोण?… तो? आणि फोन स्पीकरवर? अगं बये! नको, देऊ नकोस त्याला… रोझल!… रो—

हॅलो?… हो. मीच ती… चार सुया मोडल्या? चांगलं झालं… काय? विकायचा नव्हताच?… रोझलच्या तोंडून माझं नाव ऐकलंत म्हणून?… म्हणजे पुन्हा तेच! साठ वर्षांत माणसानं जरा तरी सुधारावं!

… हो. मीही एकटीच असते.

बरं, शनिवारी येते. केक रोझल करेल. सुई मी आणते.